मेंदूचा रिपोर्ट आला, आता बाळाच्या किडनीकडेही बघा

प्रति,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, नाशिक
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, नाशिक
आणि शहर-जिल्ह्यातील सर्व बालरोगतज्ज्ञ, सोनोग्राफी व एमआरआय करणारे डॉक्टर

विषय : मेंदूची रचना जन्मतः सदोष असलेल्या बाळांच्या किडनीची दरवर्षी तपासणी होण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

मी नाशिकमध्ये लहान मुलांची फिजिओथेरपी करते. मान न धरणारी, बसायला उशीर झालेली, अंगाने सैल असलेली बाळं माझ्याकडे येतात. काही सिडको-सातपूरमधून येतात, काही पेठ-सुरगाण्याहून पहिली एसटी पकडून. बालरोगतज्ज्ञ या मुलांना महिन्या-दोन महिन्यांनी बघतात. माझ्याकडे ती आठवड्यातून दोनदा येतात, आणि व्यायाम चालू असताना त्यांच्या आया बोलत असतात. त्या बोलण्यातलं एक वाक्य कानावर पडलं की मी हातातलं काम थांबवते : "मॅडम, हा पाणी फार पितो."

रात्री दोन-तीनदा उठून पाणी मागतो. दूध नको, जेवण नको, पाणी हवं. लंगोट पिळून काढावा इतका भिजतो. आंघोळीच्या बादलीतलं पाणीसुद्धा ओंजळीने प्यायला बघतो. घरच्यांना ही सवय वाटते, आणि उन्हाळा असला की कुणालाच काही वाटत नाही. पण ज्या मुलाचा मेंदू जन्मतःच वेगळा घडला आहे, त्याच्या बाबतीत ही तहान किडनीची तक्रार असू शकते. आपल्या जिल्ह्यात हे वाक्य ऐकून लिहून घ्यायला एकाही कार्डावर रकाना नाही. तो रकाना हवा, आणि त्यापुढे दरवर्षी होणारी एक तपासणी हवी, एवढंच मागण्यासाठी हे पत्र आहे.

माझ्या मनात सगळ्यात आधी येतो तो जुबर्ट सिंड्रोम. १९६९ साली मॉन्ट्रियलच्या डॉ. मारी जुबर्ट यांनी एकाच कुटुंबातल्या चार भावंडांमधला हा आजार नोंदवला. यात लहान मेंदूचा मधला भाग, वर्मिस, नीट तयार होत नाही. एमआरआयच्या आडव्या छेदात मेंदूच्या देठाचा आकार दाढेसारखा दिसतो, म्हणून डॉक्टर त्याला मोलार टूथ साइन म्हणतात. जन्मल्यावर काही बाळं धाप लागल्यासारखी भराभर श्वास घेतात आणि मध्येच श्वास थांबतो. डोळे थरथरतात. बाजूला बघायचं असेल तर डोळे वळत नाहीत, बाळ अख्खी मान झटक्याने फिरवतं. काहींच्या हातापायाला सहावं बोट असतं. साधारण ८० हजार ते १ लाख जन्मांमागे एक बाळ असा याचा अंदाज सांगितला जातो. म्हणजे अशी मुलं आपल्याकडे मोजकीच असणार, हे मलाही कळतं. पण त्यांच्यातल्या साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याच्या मुलांची किडनी पुढे बिघडते, आणि हे आधीपासून माहीत असतं. आजाराबरोबर येणारं दुसरं संकट कुठून येणार आहे हे ठाऊक असूनही त्या बाजूला कुणी बघत नाही, याचा मला त्रास होतो.

मेंदू आणि किडनी यांचा संबंध काय, असं पालक विचारतात. आपल्या बहुतेक पेशींच्या पृष्ठभागावर सिलिया नावाचा एक अतिसूक्ष्म तंतू असतो. बाहेरचे संकेत पेशीच्या आत पोचवणं हे त्याचं काम. गर्भात मेंदूची घडण होताना तो लागतो, आणि किडनीतल्या नलिका, डोळ्याचा पडदा, यकृतातल्या पित्तनलिका यांनाही तो लागतो. तो बनवणाऱ्या किंवा चालवणाऱ्या जनुकात बिघाड असेल तर हे अवयव एकामागून एक अडचणीत येऊ शकतात. जुबर्टसाठी कारणीभूत अशी ३५ हून जास्त जनुकं आता माहीत आहेत. कोणतं जनुक बिघडलं आहे त्यावर किडनीचा धोका कमी-जास्त ठरतो. सीईपी२९० मध्ये दोष असेल तर किडनी आणि डोळे दोन्हींकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं, टीएमईएम६७ मध्ये असेल तर यकृताकडेही.

इथे पहिला अडथळा निदानाचाच येतो. माझ्याकडे येणाऱ्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा दोनच अक्षरं असतात : सीपी. सेरेब्रल पाल्सी म्हटलं की मेंदूला एकदाच इजा झाली आणि ती आता वाढणार नाही, असं धरलं जातं. मग शोध थांबतो, व्यायाम सुरू होतात. बाळ जन्मताना रडलं होतं, बाळंतपण सरळ झालं होतं, अंग कडक नसून सैल आहे, डोळे थरथरतात, पहिल्या आठवड्यांत श्वासाची तक्रार होती. इतकं सगळं समोर असूनही सीपीच लिहिलेलं असतं. बालरोगतज्ज्ञांना माझी हात जोडून विनंती आहे की अशा सैल अंगाच्या बाळाचा एमआरआय झाल्याशिवाय ही दोन अक्षरं लिहू नका. एमआरआयसाठी भूल देताना श्वासाची जुनी तक्रारही भूलतज्ज्ञांच्या कानावर घाला, कारण या बाळांचा श्वास भुलीच्या औषधांनी चटकन मंदावू शकतो.

आता किडनीकडे येते. जुबर्टमध्ये बहुतेकदा होणाऱ्या किडनीच्या आजाराचं नाव नेफ्रोनोफ्थायसिस. हा आजार गाजावाजा न करता येतो, तीच त्याची मोठी अडचण आहे. अंगावर सूज येत नाही. लघवीत रक्त दिसत नाही, प्रथिनंही बहुधा नसतात, त्यामुळे लघवीत पट्टी बुडवून केलेली तपासणी स्वच्छ येते आणि कागदावर 'युरीन नॉर्मल' लिहिलं जातं. रक्तदाबही बराच काळ ठीक राहतो. सगळ्यात आधी बिघडते ती लघवी घट्ट करण्याची ताकद. किडनी पाणी धरून ठेवू शकत नाही, म्हणून मूल पातळ लघवी भरपूर करतं आणि म्हणूनच सारखं पाणी मागतं. सकाळच्या पहिल्या लघवीची घनता तपासली तर हे लवकर कळू शकतं. पण त्यासाठी मुलाचं पाणी तोडून ठेवू नका, ते धोक्याचं आहे. रात्रीत जेवढं प्यायलं तेवढं पिऊ द्या आणि सकाळचा नमुना घ्या.

मग क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी रक्तातून गाळून काढते त्या कचऱ्याचा, रिपोर्ट येतो. यावर मी जरा थांबून लिहिणार आहे, कारण इथे मुलं आपल्या हातून निसटतात. प्रयोगशाळेच्या छापील कागदावर उजवीकडे अनेकदा ०.७ ते १.३ असा मोठ्या माणसांचा पल्ला दिलेला असतो. चार वर्षांच्या मुलाचा आकडा ०.९ आला तर तो त्या पल्ल्यात बसतो, कागदावर कुठे ठळक अक्षर नसतं, कुठे खूण नसते, आणि पालक सुटकेचा श्वास टाकून घरी जातात. पण या वयाच्या निरोगी मुलाचं क्रिएटिनिन साधारण ०.३ ते ०.५ असतं. किडनी किती चालते याचा अंदाज देणारं स्वार्ट्झ यांचं सुधारित सूत्र सोपं आहे : मुलाची सेंटिमीटरमधली उंची गुणिले ०.४१३, भागिले क्रिएटिनिन. ९५ सेंटिमीटर उंची आणि ०.९ क्रिएटिनिन धरा, उत्तर येतं साधारण ४४. निरोगी किडनीसाठी ते ९० च्या वर हवं. म्हणजे 'नॉर्मल' छापलेल्या कागदाचं मूल निम्म्याहून कमी किडनीवर जगत असतं.

आमच्या मुलांच्या बाबतीत त्यातही आणखी एक मेख आहे. क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं. ज्या मुलाचे स्नायूच कमी आणि सैल आहेत, त्याचा आकडा मुळात कमी दिसतो. म्हणजे वरच्या सूत्राने आलेले ४४ सुद्धा खरे नसतील, प्रत्यक्षात त्याहून कमी असतील. अशा वेळी सिस्टॅटिन सी नावाची रक्ततपासणी जास्त भरवशाची, कारण ती स्नायूंवर तितकीशी अवलंबून नसते. प्रयोगशाळांना माझी साधी विनंती आहे : बारा वर्षांखालच्या मुलाच्या रिपोर्टवर वयानुसार पल्ला छापा. सॉफ्टवेअरमध्ये एकदा करायचं काम आहे.

सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनाही काही सांगायचं आहे. या आजारात किडनी फुगत नाही. आकार नेहमीचा किंवा थोडा लहान असतो, किडनीचा रंग पडद्यावर थोडा उजळ दिसतो आणि बाहेरचा थर व आतला भाग यांतली सीमा पुसट होते. पाण्याच्या गाठी दिसल्याच तर त्या सीमेवर, आणि त्याही उशिरा. 'इकोजेनिसिटी किंचित वाढलेली', म्हणजे किडनी थोडी उजळ, ही रिपोर्टमधली ओळ एरवी कुणी वाचत नाही. या मुलांमध्ये ती ओळ सर्वांत महत्त्वाची आहे, निष्कर्षात वर लिहा. आणि पहिली सोनोग्राफी चांगली आली म्हणजे प्रश्न मिटला, असं पालकांना सांगू नका. किडनी वयाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ठीक असून पुढे बिघडू शकते, म्हणूनच दरवर्षी बघायला हवं.

ओळख पटू नये म्हणून तालुका सांगत नाही, पण एका मुलीबद्दल लिहिते. सीपीची चिठ्ठी घेऊन माझ्याकडे यायची. आधार धरून उभी राहायला शिकली होती. उंची वाढत नव्हती, चेहरा पांढुरका पडला होता. अंगणवाडीत तिची नोंद कुपोषणात झाली, तिला आहार आणि लोहाचं औषध सुरू झालं. आई म्हणायची, औषध पाजते पण रक्त काही वाढत नाही. पाण्याबद्दल तिने दोन ठिकाणी सांगितलं होतं, दोन्हीकडे उन्हाळ्यावर गेलं. मग जुलाब झाले. लघवी होतेय म्हणजे अंगातलं पाणी कमी झालेलं नाही, असा नेहमीचा हिशोब सगळ्यांनी केला. पण या मुलीची किडनी पाणी अडवूच शकत नव्हती. शरीर कोरडं पडत होतं तरी लघवी होत राहिली. दुसऱ्या दिवशी ती निपचित पडली. तेव्हा रक्त तपासलं गेलं आणि किडनी किती गेली आहे ते कळलं. मेंदूचा एमआरआय त्यानंतर झाला. दाढेचं चिन्ह त्यात स्पष्ट होतं.

ती वाचली. पण तिच्या बाबतीत आपण सगळ्यांनी मिळून जे हुकवलं, ते पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीत हुकणं फार सोपं आहे. तिथे उंची खुंटलेलं, रक्त कमी असलेलं मूल दिसलं की पहिला विचार कुपोषणाचा येतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबरच असतो. नेफ्रोनोफ्थायसिसमध्येही उंची खुंटते आणि रक्त कमी होतं, तेही किडनी पूर्ण जाण्याच्या आधीपासून. म्हणून विकासात मागे असलेलं मूल आहार आणि लोह देऊनही वाढत नसेल, तर पोषण पुनर्वसन केंद्रात त्याचं क्रिएटिनिन एकदा तपासलंच पाहिजे. जुलाब-उलटी झालेल्या अशा मुलाला लघवीवरून तोलू नका. वजन, नाडी, डोळे, तोंडाचा कोरडेपणा बघा आणि सलाइनचा निर्णय लवकर घ्या.

औषधांबद्दल थोडक्यात. ताप आला की आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक अ‍ॅसिडचं सिरप सर्रास दिलं जातं. या मुलांना तापासाठी पॅरासिटामॉल पुरे. अमिकासिन-जेंटामायसिनसारखी प्रतिजैविकं खरोखर गरज असेल तरच, किडनी तपासून आणि मात्रा बेतून. मेडिकल दुकानातून परस्पर सिरप आणू नका, हे मी प्रत्येक आईला सांगते. तेच डॉक्टरांच्या तोंडून गेलं तर जास्त ऐकलं जाईल.

जुबर्टपुरतंच हे थांबत नाही. डोक्याच्या मागच्या बाजूने मेंदूची पिशवी बाहेर आलेलं बाळ जन्मलं की त्याची नोंद न्यूरल ट्यूब दोषात होते आणि आईला पुढच्या वेळी फॉलिक अ‍ॅसिड घ्या असं सांगितलं जातं. सल्ला चांगला आहे. पण त्याच बाळाच्या किडन्या मोठ्या आणि गाठींनी भरलेल्या असतील, हातापायाला सहावं बोट असेल, तर तो मेकेल-ग्रुबर सिंड्रोम असू शकतो. तो फॉलिक अ‍ॅसिडने टळत नाही. आई-बाबा दोघेही दोषाचे वाहक असतात आणि प्रत्येक गरोदरपणात धोका २५ टक्के असतो. ही बाळं जगत नाहीत. म्हणून बाळ गेल्यावरसुद्धा त्याच्या किडन्या आणि बोटं पाहून लिहून ठेवणं ही त्या जोडप्याला मोठी मदत आहे. त्यावरूनच पुढच्या वेळी १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत काय शोधायचं ते कळेल. नात्यातल्या लग्नांत असे आजार जास्त दिसतात हे खरं आहे. पण मामाच्या मुलीशी लग्न केलं म्हणून भोगताय, हे बाळ गमावलेल्या आईला ऐकवणारे लोक मी पाहिले आहेत. तिला समुपदेशन हवं असतं, आरोप नको.

गॅलोवे-मोवात सिंड्रोममध्ये उलट चित्र असतं : डोकं लहान, आणि पहिल्या वर्षात अंगावर सूज, लघवीतून प्रथिनं भरपूर. ट्यूबरस स्क्लेरोसिसमध्ये मेंदूत गाठी आणि किडनीतही. आणि पाठीवर गाठ घेऊन जन्मलेल्या स्पायना बायफिडाच्या मुलांमध्ये तर लघवीची पिशवी नीट रिकामी होत नसल्याने किडनीवर मागून दाब येतो. नळी घालून वेळच्या वेळी पिशवी रिकामी करायला आईला शिकवलं तर ते नुकसान बऱ्याच प्रमाणात टाळता येतं. ती मुलं संख्येने या सगळ्यांपेक्षा जास्त आहेत, त्यांच्याबद्दल वेगळं पत्र लिहावं लागेल.

मा. जिल्हा शल्यचिकित्सक आणि मा. आरोग्य अधिकारी, आता तुमच्याकडचं मागणं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम (आरबीएसके) २०१३ मध्ये सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांना तपासतात. जन्मजात दोषांच्या त्यांच्या यादीत न्यूरल ट्यूब दोष, डाउन सिंड्रोम, दुभंगलेले ओठ-टाळू, वाकडे पाय, हृदयाचे दोष, मोतीबिंदू, बहिरेपणा हे आहे. किडनी त्यात नाही. देशाची यादी तुम्ही बदलू शकत नाही, पण आपल्या जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात एक सूचना तुम्ही नक्की काढू शकता : मेंदूच्या रचनेत जन्मजात दोष असलेलं किंवा कारण न कळता मागे पडलेलं प्रत्येक मूल आलं की पाणी किती पितं हे विचारा, उंची-वजन मांडा, लहान दंडाला बसेल अशा कफने रक्तदाब घ्या, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, सकाळची लघवी आणि पोटाची सोनोग्राफी करा. जुबर्टचं निदान पक्कं असेल तर हे दरवर्षी, सोबत यकृताच्या चाचण्या आणि डोळ्यांची तपासणी. तारीख मुलाच्या कार्डावर लिहा.

यात महागडं काही नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. पुढच्या टप्प्यासाठी शालिमारला विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे. तिथे महिन्यातून एक दिवस लहान मुलांच्या किडनीसाठी ठरवता आला, मुंबई-पुण्याहून बालकिडनी तज्ज्ञ त्या दिवशी आले किंवा व्हिडिओवर जरी बसले, तरी सुरगाण्याच्या आई-बापाचा कसारा घाट उतरून जाण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी वाचेल. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ याच शहरात, म्हसरूळला आहे. निवासी डॉक्टरांच्या प्रशिक्षणात हा विषय आणायला तेही मदत करू शकतील.

लवकर कळून उपयोग काय, असंही मला एका डॉक्टरांनी विचारलं होतं. हा आजार थांबवणारं औषध तर नाही. औषध नाही हे बरोबर आहे. पण लवकर कळलं तर पाणी आणि क्षार सांभाळता येतात, रक्त आणि हाडं सांभाळता येतात, घातक औषधं टाळता येतात, उंची राखता येते. आणि किडनी पूर्ण जाण्याआधी प्रत्यारोपणाची तयारी करायला वेळ मिळतो. नेफ्रोनोफ्थायसिस बसवलेल्या नव्या किडनीत परत येत नाही. तपासणीअंती योग्य ठरले तर बहुतेकदा आई किंवा वडीलच दाते होऊ शकतात. पैशांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणाखाली मुंबईचं केईएम रुग्णालय उत्कृष्टता केंद्र आहे, आणि त्या धोरणाच्या पहिल्या गटात प्रत्यारोपणाने मार्गी लागणाऱ्या आजारांचा विचार केलेला आहे. निरामय योजनेतून बहुविकलांग मुलांना १ लाखापर्यंत विमा मिळतो. पण यातल्या कुठल्याही टेबलापुढे उभं राहायचं तर कागदावर निदान लिहिलेलं लागतं, आणि ते वेळेत लिहिलेलं लागतं. सीपी लिहिलेल्या मुलाची किडनी जातेय, हे त्या टेबलामागच्या माणसाला कळणार कसं?

पालकांसाठी एक पानी मराठी माहितीपत्रक मी तयार केलं आहे. त्यात तहान, लघवी, जुलाब आणि टाळायची औषधं एवढंच आहे. ते आधी बालकिडनी तज्ज्ञाकडून तपासून घ्यावं आणि मगच जिल्हा रुग्णालयात, उपजिल्हा रुग्णालयांत आणि अंगणवाड्यांत वाटावं. आरबीएसके पथकांच्या पुढच्या मासिक बैठकीत मला अर्धा तास दिलात तर मोलार टूथ साइन कशी दिसते, मान झटकून बघणारं बाळ कसं ओळखायचं आणि स्वार्ट्झचं सूत्र मोबाइलवर कसं करायचं, हे मी दाखवीन. तारीख तुम्ही कळवा, मी त्या दिवशीचे माझे सगळे पेशंट दुपारनंतर घेईन.

आपली विश्वासू,
एक बाल-फिजिओथेरपिस्ट, नाशिक